पैलतीराची वाट कोण निवडतो?

कोलकात्याहून ढाक्याला माल पाठवायचा असेल, तर कागदावर तीन वाटा आहेत. पहिली पाण्याची. खिदिरपूर–गार्डन रीचच्या परिसरात बार्ज भरावी, हुगळीने खाली जावे, सुंदरबनातील खाड्यांमधून सीमा ओलांडावी आणि खुलना, बरिशाल, चांदपूर करीत नारायणगंज गाठावे. १९७२ साली भारत आणि बांगलादेश यांच्यात झालेल्या अंतर्गत जलवाहतूक कराराने ही वाट खुली केली. दुसरी वाट जशोर रोडने पेट्रापोलची, कोलकात्यापासून अवघे ८० किलोमीटर. तिसरी रेल्वेची, गेदे–दर्शना किंवा पेट्रापोल–बेनापोल मार्गाने.

नकाशा पाहणारा कोणीही म्हणेल की रस्ता सर्वांत जवळचा, म्हणून तोच निवडावा. व्यापारीही बहुधा तेच करतात आणि तेथेच अडकतात. जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पेट्रापोल–बेनापोल सीमा ओलांडण्यास मालाला १३८ तास लागत होते. त्यांपैकी २८ तास केवळ भारतीय ट्रकमधील माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरण्यात जात. तेवढीच वाहतूक असलेल्या पूर्व आफ्रिकेतील सीमांवर एकूण वेळ सहा तासांहूनही कमी होता. म्हणजे ८० किलोमीटरचा प्रवास काही तासांचा आणि शेवटचे काही मीटर जवळजवळ सहा दिवसांचे!

हा विलंब म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत एक करच आहे. फरक इतकाच, की सीमाशुल्क सरकारी तिजोरीत जमा होते आणि विलंबाचा कर कोणत्याच तिजोरीत जात नाही. तो चालकाच्या खोळंब्यात, ट्रकच्या भाड्यात, नासलेल्या मालात आणि बनगावच्या पार्किंगमध्ये विरून जातो. शिवाय रांग लांबली की रांगेतील जागेलाही किंमत येते. म्हणून विलंब कमी करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला कोणीतरी विरोध करतोच, हे आपण प्रशासकांनी गृहीत धरायला हवे.

परंतु माझ्या मते सरासरी वेळ हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न अनिश्चिततेचा. समजा, रस्त्याने माल कधी तीन दिवसांत पोहोचतो, कधी दहा. आणि पाण्याने हमखास आठ दिवसांत. ज्याला ग्राहकाला तारीख द्यायची आहे, तो आठ दिवसांची वाट आनंदाने पत्करील. मात्र त्यासाठी दोन्ही वाटांचा खरा हिशेब त्याच्या हाती असला पाहिजे. तो नसेल तर निवड ही निवड राहत नाही, ती सोडत होते.

येथे इंग्लंड आणि फ्रान्स यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांच्यामधील समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटरच आहे. प्रवाशाला डोव्हरहून कॅलेला जाणारी बोट, १९९४ पासून सुरू असलेला बोगदा, अथवा पोर्ट्समथहून रात्रभराचा लांबचा जलप्रवास असे पर्याय असतात. ब्रिटनने युरोपीय संघाची एकत्रित बाजारपेठ सोडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, तपासणी वाढली आणि सुट्ट्यांच्या दिवसांत डोव्हरला तासन् तास रांगा लागल्या. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या भीतीने फ्रान्सने दोन दिवस सीमा बंद केली, तेव्हा केंट परगण्यात हजारो ट्रक अडकून पडले. श्रीमंत देशांनाही हे चुकलेले नाही. पण तेथे रांगेची बातमी प्रवाशाला आधी मिळते आणि तो लांबची वाट विचारपूर्वक घेऊ शकतो. दुसरे असे, की २००३ च्या ल तुके करारामुळे फ्रेंच अधिकारी डोव्हरलाच, म्हणजे ब्रिटिश भूमीवर, पारपत्रे तपासतात. बोटीतून उतरल्यावर पुन्हा थांबावे लागत नाही.

आपल्याकडे असे काही जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी मैत्री एक्सप्रेस आठवावी. २००८ मध्ये कोलकाता–ढाका रेल्वे सुरू झाली, तेव्हा प्रवाशांना सामानासह गेदे येथे आणि पुन्हा दर्शना येथे उतरावे लागे. नोव्हेंबर २०१७ पासून तपासणी कोलकाता आणि ढाका या दोन टोकांच्या स्थानकांवरच होऊ लागली. नवा रूळ टाकला नाही, नवा पूल बांधला नाही. केवळ तपासणीची जागा बदलली आणि वाटेतील दोन्ही खोळंबे संपले. २०२४ मधील राजकीय उलथापालथीत ती गाडी थांबली, हा वेगळा विषय. कोलकाता बंदरातून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरना २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक सील लावण्याची सुरुवात झाली, तीही याच विचाराने.

आता एक प्रश्न महाराष्ट्रातील वाचकांच्या जिव्हाळ्याचा. बांगलादेश हा नाशिकच्या कांद्याचा मोठा ग्राहक. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली, तेव्हा पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर येथे कांद्याचे ट्रक रांगेतच होते. परकीय व्यापार धोरणात वाटेतील मालाला संरक्षण देणारी संक्रमणकालीन तरतूद असते. त्या अधिसूचनेत मात्र ती लागू होणार नाही असे नमूद होते. पुढे काही मालाला सवलत मिळाली, तोवर बराच कांदा नासला होता. देशातील भाव आवरण्यासाठी बंदी घालणे हा शासनाचा अधिकार आहे. पण निफाडच्या शेतकऱ्याच्या गोण्या सीमेवर सडल्याने कोलकात्याच्या गृहिणीला कांदा किती स्वस्त मिळाला?

२०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या वाटा आणखी अरुंद केल्या. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भूसीमेवरून होणारी भारतीय सुताची आयात थांबवली. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना सर्व भूबंदरे बंद करून केवळ न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच सागरी बंदरे ठेवली. या निर्णयांमागे परराष्ट्र धोरणाची कारणे असतील. त्यांची चर्चा हा या लेखाचा हेतू नाही. परंतु ज्या दिवशी अशी अधिसूचना निघते, त्या दिवशी व्यापाऱ्याची निवड संपते आणि सर्व भार खिदिरपूरसारख्या जुन्या गोदीवर येतो. येथे जहाजांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळत लॉकगेटमधून आत यावे लागते. तिची क्षमता अधिसूचनेने वाढत नाही.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात आणि तिन्हींना फारसा पैसा लागत नाही.

एक, प्रत्येक वाटेवर लागणारा प्रत्यक्ष वेळ रोज जाहीर करावा. घड्याळ ट्रक रांगेत लागल्यापासून सुरू व्हावे, आवाराच्या फाटकातून आत आल्यापासून नव्हे. फाटकाबाहेरचे दिवस मोजलेच नाहीत तर आपली आकडेवारी सुंदर दिसेल आणि रांग तशीच राहील. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ मध्ये ट्रकना आगाऊ वेळ देणारी सुविधा सुरू केली. ती याच दिशेने टाकलेले पाऊल आहे.

दोन, तपासणी शक्य तितकी माल जेथे भरला जातो तेथे करावी आणि सील शाबूत असेल तर सीमेवर पुन्हा उघडू नये.

तीन, कोणतीही वाट बंद करताना जो माल आधीच रस्त्यावर आहे त्याला जाऊ द्यावे. अपवाद करायचाच असेल तर अधिसूचनेतच लेखी कारण द्यावे.

सीमा असणारच आणि तपासणीही असणारच. पण किती थांबावे लागेल हे आधी सांगणे आणि निघालेल्याला वाटेत न अडवणे, एवढे वचन देणे कोणत्याही शासनाला अशक्य नाही. वाट निवडण्याचे स्वातंत्र्य नव्या पुलांनी थोडे वाढते. दिलेला शब्द पाळणाऱ्या कार्यालयांनी अधिक वाढते.