भंगारातलं सोनं आणि आपला विद्युत अपघटनाचा धडा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो,

"मोबाईलमध्ये खरंच सोनं असतं का?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर 'हो' असंच आहे. सर्किट बोर्डच्या जोडण्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो, शिवाय थोडी चांदी आणि बरंच तांबं. टोकियो २०२० ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासूनच बनली. त्यासाठी सुमारे ६२ लाख मोबाईल आणि इतर बरीच छोटी उपकरणे जमा झाली. सोनं निघालं जेमतेम ३२ किलो!

ते सुटं करताना आपलाच धडा कामाला येतो. बोर्ड वितळवून मिळालेलं अशुद्ध तांबं धनाग्र म्हणून आणि शुद्ध तांब्याची पातळ पट्टी ऋणाग्र म्हणून, आम्लयुक्त कॉपर सल्फेटच्या द्रावणात ठेवतात. विद्युतधारा सोडली की धनाग्राचं तांबं द्रावणात उतरतं आणि ऋणाग्रावर शुद्ध होऊन बसतं. सोनं-चांदी तांब्यापेक्षा कमी अभिक्रियाशील, म्हणून ती न विरघळता तळाच्या गाळात साचतात. पुढे त्या गाळातून ती वेगळी काढतात.

माझं मत स्पष्ट आहे. हा धडा आकृती आणि दोन गुणांवर संपवू नका. कारण 'घरच्या घरी मोबाईलमधून सोनं काढा' असे व्हिडिओ मुलं बघतात. त्यात वापरलेल्या नायट्रिक आम्लाचे धूर फुफ्फुसं जाळतात. बोर्डांतलं शिसं तर मुलांच्या मेंदूच्या वाढीलाच घातक. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये पोटासाठी माणसं हेच काम उघड्यावर करत आली आहेत. हे मुलांना आपण नाही सांगायचं तर कोणी?

मग करायचं काय? प्रयोगशाळेत, आपल्या देखरेखीखाली, तांब्याच्या दोन पट्ट्या, मोरचुदाचं द्रावण आणि बॅटरी घ्या. आधी आणि नंतर पट्ट्यांचं वजन करायला लावा. एकीचं घटलं, दुसरीचं वाढलं, हे मुलांना स्वतः दिसू द्या. जुने बोर्ड मात्र प्रयोगात अजिबात नकोत.

पालकहो, कपाटातले बंद पडलेले फोन आणि चार्जर अधिकृत संकलन केंद्रावरच द्या. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचंच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा.