शंभर तासांचा सोस

मासिकाकडे परीक्षणासाठी येणाऱ्या आरपीजी प्रकल्पांच्या टिपणांत हल्ली पहिल्याच पानावर एक आकडा असतो. चाळीस तास, साठ तास, कुणाचे तर थेट शंभर. खेळ अजून कागदावरच असतो, पण तास मात्र ठरून गेलेले. ज्यांना हा सोस जडला आहे त्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे भाग एकामागून एक खेळून पाहावेत. लांबी कुठून येते आणि कुठे नुसती साचते, हे इतके उघडपणे दाखवणारी दुसरी मालिका मला माहीत नाही.

1986 साली एनिक्सने फॅमिकॉमवर आणलेला पहिला भाग 64 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये कोंबलेला होता. नायक एकटा, समोर एका वेळी एकच शत्रू. सेव्हची सोय नाही. राजा सांगेल तो पासवर्ड कागदावर उतरवून घ्यायचा. काताकानातली सगळी अक्षरेसुद्धा मावेनात, तेव्हा मोजकीच घेऊन राक्षसांची नावे त्यांतून जुळवली गेली. एवढ्या तुटपुंज्या जागेत खेळाचे रचनाकार युजी होरी यांनी पहिली पाच मिनिटे कशी खर्च केली ते पाहा. खेळाडू राजाच्या बंद दालनात असतो. पेटी उघडल्याशिवाय किल्ली नाही, किल्लीशिवाय दार नाही, आणि दारापलीकडे जिना. एवढे केले की कमांड कशा वापरायच्या हे समजलेले असते, तेही वेगळ्या ट्युटोरियलविना. बाहेर पडताच पाण्यापलीकडे शेवटच्या शत्रूचा किल्ला दिसतो. दिसतो, पण गाठता येत नाही. मधे अडवायला भिंती नाहीत, पूल आहेत. पूल ओलांडला की शत्रू तगडे होतात, आणि अंगात बळ नसेल तर तुम्ही अर्धे सोने गमावून पुन्हा राजापुढे उभे. अनुभवाचे गुण मात्र शाबूत राहतात, म्हणून माणूस चिडतो पण खेळ सोडत नाही.

या खेळाचा बराचसा वेळ त्याच त्या राक्षसांना बडवण्यात जातो, हे खरेच. पण दोन लेव्हल चढल्या की पुढच्या पुलापलीकडचा मुलूख आपला होतो. ग्राइंडिंगला नकाशात मोबदला मिळतो. दुसऱ्या भागात (1987) नेमके हेच बिघडले. रोनच्या पठाराकडे नेणारी गुहा आणि पुढचा बर्फाळ प्रदेश आजही बदनाम आहे. तिथली अडचण कुणी मुद्दाम आखलेली नव्हती; शेवटच्या टप्प्याचा तोल तपासायला वेळच उरला नव्हता. प्लेटेस्ट कापून वाढलेल्या तासांना लांबी म्हणू नये.

तिसऱ्या भागात (1988) जागा 256 किलोबाइट झाली, तरीही अपुरी पडली. तेव्हा सुरुवातीचा पडदा काळा ठेवून त्यावर नुसते नाव लिहिले, संगीतही गाळले. वाचवलेली जागा गेली जगात आणि नियमांत. धर्मा मंदिरात विसाव्या लेव्हलनंतर पेशा बदलता येतो: लेव्हल पुन्हा एक, ताकद निम्मी, पण शिकलेले मंत्र जवळच. म्हणजे मागे जाण्याचा निर्णय खेळाडू स्वतः, हिशेब करून घेतो. आणि प्रवास संपला असे वाटते त्याच क्षणी खाली पहिल्या भागाचे जग, आलेफगार्ड, उघडते. जुना नकाशा पुन्हा वापरून खेळ वाढवणे याहून झोकात कुणी केलेले नाही.

माझे मत विचाराल तर मालिकेचा कळस पाचवा भाग (1992). बापाचे बोट धरून फिरणारा पोरगा, मग तरुण, मग स्वतः बाप. दहा वर्षांची गुलामी आणि दगड होऊन काढलेली आठ वर्षे पडद्यावर झटक्यात सरतात. आयुष्यभराची गोष्ट तीसेक तासांत आटोपते, आणि लग्न कुणाशी करायचे यावर लोक अजून भांडतात.

मग आला सातवा भाग, 2000 साली, प्लेस्टेशनच्या दोन डिस्कवर. जागेची चणचण संपली आणि तिच्याबरोबर हात आखडण्याची सवयही. पहिला स्लाइम समोर येईपर्यंत दोन-तीन तास जातात. तोवर गावात हिंडायचे, अवशेषांतली कोडी सोडवायची. पुढचा सांगाडा सुंदर आहे: दगडी तुकडे जुळवून भूतकाळातल्या बेटावर जायचे, तिथले संकट निवारायचे, की ते बेट वर्तमानात वर येते. एकेक बेट म्हणजे एकेक कथा, बहुतेक कडवट. पण एक तुकडा नजरेतून सुटला की अख्खे जग पुन्हा पालथे घाला. शंभर तासांची ख्याती या खेळाला मिळाली खरी, त्यातले किती तास कथेचे आणि किती शोधाशोधीचे, हे 2013 च्या थ्रीडीएस आवृत्तीने उघड केले. तिथे सुरुवातीची कोडी छाटली, तुकडे हुडकणारे यंत्र दिले, शत्रू नकाशावर दिसू लागले. एकही बेट वगळावे लागले नाही.

अकराव्या भागाने (2017) तर आपल्यासाठी प्रयोगशाळाच उघडून ठेवली आहे. थ्रीडीएसवर, आणि पुढे 2019 च्या ‘एस’ आवृत्तीत, तीच पटकथा त्रिमितीत किंवा जुन्या पद्धतीच्या द्विमितीत खेळता येते. द्विमितीत अंतरे आक्रसतात, चालणे कमी होते, पण शत्रू अचानक गाठतात. त्रिमितीत ते समोर दिसतात, त्यांना वळसा घालता येतो. एकाच गावापर्यंतचा रस्ता दोन्हींत खेळून घड्याळ लावा. खेळातली लांबी लेखकाची किती आणि नकाशाची किती, याचा याहून स्वस्त धडा मिळणार नाही. श्रेयनामावलीनंतर सुरू होणारा तिसरा अंक मला स्वतःला लांबलेला वाटतो. दुसऱ्या अंकात जे गमावले, त्याची धार तो बोथट करतो.

तेव्हा पुढील अंकांसाठी टिपणे पाठवणाऱ्यांना एक विनंती. एकूण तासांचा आकडा आम्हाला कळवू नका. पहिली लढाई कितव्या मिनिटाला येते, पहिला खरा निर्णय कितव्या मिनिटाला, आणि प्लेटेस्टमध्ये लोकांनी खेळ कुठे खाली ठेवला, एवढे तीन आकडे पाठवा. परीक्षण त्यांच्यावरूनच होईल.