परत आलेल्या पैशाचं नाव काय?

मराठीत पैसे जायला शब्दांची कमतरता नाही. पैसे उडतात, बुडतात, खर्ची पडतात, पाण्यात जातात, मातीत जातात. पण दुकानदाराच्या गल्ल्यात गेलेले पैसे गिऱ्हाइकाकडे परत यायचे म्हटलं, की आपली जीभ अडखळते. 'रिफंड' म्हणावं तर इंग्रजी, 'परतावा' म्हणावं तर सरकारी. मग आपण म्हणतो, ''भाऊ, जरा बघा ना, काही होतंय का?'' आणि हक्काची विनवणी होऊन जाते.

मैत्रिणींनो, सूट, रिबेट, कॅशबॅक, क्रेडिट नोट, परतावा हे शब्द आपण एकाच पिशवीत कोंबतो. दुकानदार मात्र ते नीट वेगळे ठेवतो. म्हणून आपणही एकदा ते निवडून घेऊ या.

सूट म्हणजे पैसे देण्याआधीच कमी झालेली किंमत. तिथे परत काही मिळत नाही, मुळात जातंच कमी. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात मिळायचं त्या 'रिबेट'ची आपल्या आई-आजी वाट बघायच्या. नाव रिबेट असलं तरी बिलातच वजा व्हायचं, म्हणजे ती सूटच. व्यापाऱ्यांचा जुना शब्द वटाव. घाऊक खरेदीत किंवा रोखीने पैसे दिल्यावर रकमेतून जे सोडलं जातं, तो वटाव.

कॅशबॅकचं तसं नाही. आधी पूर्ण किंमत जाते, मग त्यातलं थोडंसं मागाहून येतं. नावात कॅश असली तरी हातात कॅश येईलच असं नाही. कधी पॉइंट येतात, कधी पुढच्या खरेदीचं कूपन येतं, आणि त्याला मुदत असते. दोनशेच्या कॅशबॅकसाठी नको असलेली दोन हजारांची साडी घेतली, तर दोनशे मिळाले नाहीत, अठराशे गेले. हा हिशेब आपल्याला येत नाही असं नाही, पण मोबाइलवर ते हिरवं अक्षर चमकलं की विसरायला होतं.

क्रेडिट नोट म्हणजे, ''ताई, पैसे तुमचेच, फक्त राहतील आमच्याकडे.'' पुन्हा त्याच दुकानात यायचं, तेही अमुक तारखेच्या आत.

राहिला परतावा. हा बिचारा शब्द दोन घरी राबतो. दुकानाने परत केलेले आपले पैसे हाही परतावा आणि गुंतवणुकीवर सुटणारी कमाई हाही परतावा. 'भरघोस परतावा' अशी जाहिरात दिसली, की यातला कोणता ते विचारावं. नव्या सभासदांच्या पैशातून जुन्यांना दिलं जातं, तो ना हा परतावा, ना तो.

आता मुद्द्याचं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपण इतकी वर्षं वाचली, की तो कायदाच वाटतो. कायदा उलट सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढी, नसेल तर तीस दिवस. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ऑनलाइन विक्रेत्यांसाठीही २०२० चे नियम आहेत: माल सदोष निघाला किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही.

पण हेही सांगायला हवं, की हे दोषासाठी आहे. रंग घरी आल्यावर आवडला नाही, नणंदेने नाक मुरडलं, म्हणून पैसे मागितले तर तिथे कायदा आपल्या बाजूने नाही. ती दुकानदाराची मर्जी. तिथे 'जरा बघा ना' म्हणायला काहीच हरकत नाही.

आमच्या भिशीतल्या एकीचा नवा मिक्सर पंधरा दिवसांत जळला. दुकानदार म्हणाला, ''कंपनीच्या सेंटरला न्या.'' सेंटर जिल्ह्याच्या गावी. दोन खेपा झाल्या, घरचे म्हणाले, ''जाऊ दे, रोजचं दुकान आहे, वाईटपणा कशाला?'' तिसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर गेले. तिने चारच ओळींचा अर्ज लिहिला होता: सदोष वस्तूचे पूर्ण पैसे परत मिळावेत. सोबत बिलाची झेरॉक्स. ''दुसऱ्या प्रतीवर पोच द्या,'' एवढंच ती म्हणाली. आवाज चढला नाही, भांडण नाही. आठवड्यात पैसे आले, आणि ती अजूनही त्याच दुकानातून सामान आणते. वाईटपणा आला नाही.

पोच मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

एक सावधगिरी. 'रिफंड' हा शब्द हल्ली भामट्यांच्याही तोंडी असतो. ''मॅडम, तुमचा रिफंड अडकलाय, पिन टाका.'' पैसे यायला कधीच पिन लागत नाही, फक्त जायला लागतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, तासातासाने फरक पडतो.

आणि आज दुपारी एक काम करा. कपाटात, डब्यात, पर्समध्ये विखुरलेली बिलं एका पिशवीत घाला. ज्यांची शाई उडत चालली आहे, त्यांचा फोटो काढून ठेवा. पैसे परत मागायची वेळ आली, की पहिला प्रश्न हाच येतो, ''ताई, बिल आहे का?''