वकिलाचा बस्ता आणि फर्मचे भांडार

मुंबई-दिल्लीतल्या बड्या लॉ फर्ममध्ये 'नॉलेज मॅनेजमेंट' नावाचे एक खाते असते. एकदा केलेला मसुदा, एकदा मांडलेला युक्तिवाद, एकदा शोधलेला निवाडा पुन्हा कुणाला शोधत बसावा लागू नये, हे त्याचे काम. वकील फर्म सोडून गेला तरी त्याची विद्या फर्मकडेच राहते. त्यावर आता यंत्राचीही जोड आहे. सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मने २०१७ सालीच करार वाचणारी 'किरा' ही संगणक प्रणाली घेतली. ज्ञान हे भांडवल आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याला कुंपणही घातले.

आणि आमच्याकडे? ॲट्रॉसिटीची केस पदरमोड करून लढणाऱ्या तालुक्याच्या वकिलाचे सारे ज्ञान त्याच्या बस्त्यात बांधलेले. जामिनाला केलेला विरोध, साक्षीदार फुटू नयेत म्हणून केलेली तजवीज, उलटतपासाची टिपणे. तो गेला की बस्ता रद्दीत जातो. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या समाजात हे घडते!

याची किंमत फिर्यादी मोजतो. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात अटकेपूर्वी मंजुरीची आणि प्राथमिक चौकशीची अट घातली. देश पेटला. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ आणले, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले, २०२० मध्ये दुरुस्तीही वैध ठरवली. समोरच्या वकिलाने जुना निकाल पुढे केला, तर हा सारा क्रम आमच्या वकिलाच्या हाताशी त्याच क्षणी नको काय? कलम १५-अ चेही तेच. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला दिलीच पाहिजे, असे २०२१ च्या हरिराम भांभी निकालाने बजावले आणि सूचनेविना दिलेला जामीन रद्द केला. हा निकाल किती तालुक्यांत पोहोचला?

निकाल मिळत नाहीत असे आता म्हणता येणार नाही. 'इंडियन कानून' २००८ पासून मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आपले निकाल 'ई-एससीआर'वर खुले केले. उणीव आहे ती वेचून, कलमवार लावून ठेवण्याची. हे काम यंत्रावर सोडू नये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दाखल केल्याबद्दल दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड झाला. आधी माणसाने वाचावे, मग यंत्राने शोधावे.

मुंबईचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ पासून उभे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकेक जिल्हा वाटून घ्यावा. ज्येष्ठ वकिलांकडे जावे, त्यांच्या संमतीने जुने अर्ज आणि टिपणे स्कॅन करावीत, पीडितांची नावे व गावे काळजीपूर्वक खोडावीत, प्रत्येक कागदावर कलम, न्यायालय आणि निकालाची तारीख घालावी. स्कॅनरचा खर्च जयंतीच्या एका डीजेपेक्षा कमी येईल. वकील बांधवांनीही अशिलाचे गुपित सांभाळून आपले मसुदे द्यावेत. धंदा जाईल ही भीती आम्हाला पटत नाही.