पडद्याशिवाय अँबियंट, गाण्याशिवाय चित्रकथी: जोडकलेचे पैसे कोणत्या अर्ध्याला?

एक जण पियानोवर दोन-तीन सूर वाजवून थांबतो. दुसरा लॅपटॉपवर तेच सूर तोडतो, लांबवतो. मागच्या पडद्यावर त्या सुरांबरोबर उजेडाच्या रेघा हलतात. जपानचे र्युइची साकामोतो आणि जर्मनीचे अल्वा नोटो या जोडीने 2005 च्या ‘इन्सेन’ अल्बमनंतर असे कार्यक्रम केले. नोटो मुळात दृश्यकलावंत. म्हणजे पडदा ही सजावट नव्हती, तो अर्धा कार्यक्रमच होता.

मात्र पाथर्डीत कुणी हेडफोन लावून हाच अल्बम अ‍ॅपवर ऐकला, तर पडदा गायब. उरतो तो संथ आवाज, बहुतेकदा झोपेच्या प्लेलिस्टमध्ये. कलाकाराचं नाव कोण बघतं?

नवख्या जोडीला हे महागात पडतं. 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षभरात 1,000 वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रॉयल्टी मिळत नाही. त्यात एआयची भर. रोज येणाऱ्या नव्या ट्रॅकपैकी सुमारे 34 टक्के पूर्णपणे एआयने बनवलेले असल्याचं डीझर कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं. शब्द नाहीत, गायक नाही, अशा संगीताची नक्कल तर सगळ्यात सोपी.

चित्र आणि आवाजाची अशी फारकत महाराष्ट्राने आधीच पाहिली आहे, फक्त उलट्या बाजूने. पाथर्डीहून शेवगाव ओलांडलं की पैठण. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रं आज पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठ्या डोळ्यांची माणसं. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गाऊन सांगायचा, साथीदार वाद्यं वाजवायचे. असा चित्रं दाखवून कथा सांगणारा 12 व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही भेटतो. संग्रहालयात चित्रं टिकली, गाणं मात्र नाही. (अ‍ॅपवर गाणं टिकतं, चित्र नाही.)

दोन्ही एकत्र बघायचं तर सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं लागतं. तिथल्या ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. तिथे चित्रं आहेतच, आणि ती हातात धरून गाणारी माणसंही आहेत.