चष्मा सुटला, डोळे कोरडे पडले! जबाबदार कोण?



शहरातल्या कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेबाहेर जरा उभे राहा. क्लासच्या फलकांशेजारी आणखी एक फलक हमखास दिसतो: ‘चष्म्याला कायमची सुट्टी! काही मिनिटांत लेसर, सुलभ हप्ते.’ हा फलक तिथेच का लागतो? कारण भरतीच्या आशेने दिवसरात्र पुस्तकात डोळे घालून बसलेली आपली पोरं तिथे असतात. ज्याला नोकरीची घाई आहे, त्याला विकणे सोपे असते.

माझ्या ओळखीचा एक मुलगा. आई चार घरची धुणीभांडी करते. पोराला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे होते. ‘चष्मा चालत नाही’ एवढे कोणीतरी सांगितले आणि त्याने हप्त्यावर लेसर करून घेतले. नंतर भरतीची जाहिरात नीट वाचली. त्या पदाला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो. त्यात चष्म्याशिवाय ६/६ नजर हवी आणि लेसिक केलेला उमेदवार अपात्र! ज्या नोकरीसाठी डोळ्यावर लेसर मारून घेतला, तिचा दरवाजा त्याच लेसरने बंद केला. दवाखान्यात कोणी विचारलेही नाही की बाबा, तू हे कशासाठी करतोयस?

दुःख तिथे संपले नाही. आज वर्ष उलटले तरी डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते. पंख्याखाली बसवत नाही. तासभर वाचले की आग होते. दवाखान्यात गेला की एकच उत्तर: “नंबर शून्य आहे, ऑपरेशन यशस्वी आहे, ड्रॉप टाकत राहा.” कागदावर यशस्वी आणि पुस्तक उघडता येत नाही, हे कसले यश?

हे का होते ते समजून घेऊ. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात आणि खालचा भाग लेसरने घासून आकार बदलतात. कापताना तिथल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा झाला, आता पाणी सोड, पापणी मिटव, हा निरोप याच नसा देतात. निरोपच तुटला की पाणी कमी आणि उघडझापही कमी. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. काहींचा ओसरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सहभाग घेतलेल्या अभ्यासात, आधी कोरडेपणाचा त्रास नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो त्रास सांगितला. २०२२ साली त्याच प्रशासनाने रुग्णांना हे धोके साध्या भाषेत आधी सांगावेत, असा मसुदा काढला. आपल्याकडच्या फलकावर काय असते? हसरा चेहरा आणि हप्त्याचा आकडा.

कोणी म्हणेल, तुम्ही विज्ञानाला विरोध करता. अजिबात नाही. लेसिकने असंख्य लोकांचे भले झाले आहे. विज्ञान तर धोका मोजून सांगते. तो लपवते ती दुकानदारी. आमचा विरोध दुकानदारीला आहे.

आणि विज्ञानाकडे या त्रासावर उत्तरही आहे. तेच आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. त्याचे नाव स्क्लेरल लेन्स. नेहमीची मऊ लेन्स कॉर्नियाला चिकटून बसते आणि कोरड्या डोळ्यात आणखी टोचते. स्क्लेरल लेन्स कडक, पण प्राणवायू आरपार जाऊ देणारी आणि आकाराने मोठी असते. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावर घुमटासारखी उभी राहते. मधल्या पोकळीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले निर्जंतुक सलाईन भरतात. दिवसभर कॉर्निया त्या पाण्यात बुडालेला राहतो. लेसरनंतर कॉर्नियाचा आकार बिघडून नजर अंधूक झाली असेल, तर तीही पुष्कळ सुधारते.

ही जादू नाही. ड्रॉप, अश्रुनलिकेला लावायचे प्लग, पापण्यांचा उपचार यांनी भागले नाही तर ही पायरी येते. रात्री लेन्स काढावी लागते. तिला नळाचे पाणी लावायचे नाही, त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. आणि नसांचेच दुखणे असेल तर लेन्स घालूनही वेदना राहू शकते. पण अनेकांना ती पुन्हा वाचायला बसवते, आणि आपल्यासाठी वाचणे म्हणजे जगणे आहे.

मग अडचण कुठे? लेन्स प्रत्येक डोळ्याच्या मापाने बसवावी लागते, अनेक फेऱ्या होतात, खर्च हजारो रुपयांत जातो. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा मोजक्या ठिकाणी यातला अद्ययावत ‘प्रोस’ प्रकार मिळतो. परभणीच्या पोराने परभणीत कुठे जायचे? लेसर गल्लीच्या तोंडाशी आणि लेन्स परराज्यात! नफा जवळ आणि उपचार लांब, हाच या बाजाराचा न्याय आहे. विम्याचे तर बोलायलाच नको. ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च विमा कंपन्या सहसा आधीच वगळतात.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. इंग्रजीतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर, डोळ्यात ड्रॉप टाकून नजर अंधूक झाल्यावर घेतलेली सही म्हणजे संमती कशी?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात:

१. लेसरचे संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, किमान एक दिवस आधी हातात मिळावे. कोरडेपणा आणि भरतीतील अपात्रता त्यात ठळक असावी.

२. लेसरआधी अश्रूंची तपासणी सक्तीची करावी. पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटे थांबायचे, एवढी ती साधी शिर्मर चाचणी आहे.

३. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत स्क्लेरल लेन्स बसवण्याची सोय करावी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरजूंना तिचा खर्च मिळावा.

४. ज्याने लेसर केला, त्याने पुढच्या उपचाराची जबाबदारी घ्यावी. ‘ड्रॉप टाका’ म्हणून हात झटकू नयेत.

कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या अभ्यासिकांत एक तास यावर बोलावे. ज्यांना त्रास आहे त्यांची कागदपत्रे गोळा करावीत. त्रास झाल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे.

शेवटी आपल्या पोरापोरींना एक सांगायचे आहे. पदाची खरी अट असेल तर जाहिरात आधी शब्द न् शब्द वाचा, डोळे तपासून घ्या, मग ठरवा. पण लग्नाच्या बाजारात किंवा फोटोत बरे दिसावे म्हणून चष्म्याची लाज वाटत असेल, तर चौकातल्या पुतळ्याकडे एकदा मान वर करून पाहा. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे आणि डोळ्यावर चष्मा आहे. वाचून वाचून डोळे शिणवणाऱ्या बापाची आपण लेकरं. चष्मा ही आपली उणीव नाही. उणीव आहे ती धोका लपवून डोळे विकत घेणाऱ्या व्यवस्थेत, आणि तिला प्रश्न विचारायला डोळे उघडे लागतात.

जय भीम! जय संविधान!