काटा

मोटारीच्या बाबतीत माझे ज्ञान दार उघडून आत बसण्यापलीकडे जात नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पेशाने मी मराठीचा अध्यापक. तेव्हा डिझेलच्या दाबाच्या काट्यावर मी दिवाळी अंकात लिहिले आहे हे पाहून आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानवाले हसतील. हसोत बापडे! त्या काट्याने यंदा आमच्या घरात जो निवाडा केला, तो मला आणि माझ्या भावाला मिळून करता आला नव्हता.

माझा धाकटा भाऊ पालांदूरकडची भाजी नागपूरच्या कळमना बाजारात पोचवतो. त्याच्याजवळ २००६ सालची एक डिझेल पिकअप आहे. रात्री एकच्या सुमारास वांगी भरायची, लाखनी, भंडारा, मौदा करीत उजाडण्यापूर्वी बाजार गाठायचा. तासभर उशीर झाला की तीच वांगी निम्म्या भावाने मागितली जातात. गाडीवर लाखांदूरकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला तो माझ्या वर्गात होता. पुढे शिक्षण सुटले.

पोळा झाला आणि गाडीला विचित्र दुखणे जडले. रिकामी असताना ती हरणासारखी पळे. माल भरला, की तीसचाळीस किलोमीटर ठीक चाले आणि मग हळूहळू दम सोडी. वैनगंगेच्या पुलाकडे जाताना तर मागच्या सायकलवाल्यालाही तिची कीव यावी. बाजूला घेऊन दहा मिनिटे उभी केली, की पुन्हा जणू काही झालेच नाही! गॅरेजात नेली, तर तिथे तिची तक्रारच नसे. एकाने डिझेल फिल्टर दोनदा बदलला. दुसऱ्याने टाकीकडच्या नळीत हवा मारली; दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याने, "पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल," असे सांगून जो आकडा उच्चारला, तो ऐकून भाऊ दोन दिवस जेवला नाही.

ड्रायव्हरचे म्हणणे एकच. "सर, गाडीले डिझेल नाई पोचून राहिलं." पण ऐकतो कोण? फिल्टर नवा, टाकी भरलेली, मग डिझेल पोचत नाही म्हणजे काय? भावाला संशय आला, की पोरगा ढाब्यावर झोपा काढतो आणि खापर गाडीवर फोडतो. वर डिझेलही विकत असेल. एका सकाळी उशिरामुळे सगळा माल मातीमोल गेला. त्या दिवशी भावाने त्याला काढले आणि पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवला. मी शेजारीच चहा घेत होतो. "वर्गातही हा असाच उशिरा यायचा," असे मी म्हटले. तो काही बोलला नाही. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला.

नंतर भाऊ स्वतः गाडी चालवू लागला आणि पहिल्याच रात्री मौद्याच्या अलीकडे ढेपाळला. आता ढाब्यावर झोपणारा कोण होता?

आमच्या शेजारी आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दाब मोजला का कोणी?" तो कोणीच मोजला नव्हता. तिघांनीही कानाने ऐकून निदान केले होते. काका म्हणाले, "डॉक्टरने नाडी न पाहता ऑपरेशन सांगावं, तसं झालं हे."

त्यांनी आणलेला काटा हातातल्या घड्याळाहून थोडा मोठा. तबकडीवर शून्य ते चार किलोच्या खुणा. याला शासकीय मराठीत दाबमापक म्हणतात, पण गॅरेजात तो काटाच. आत काय असते, ते त्यांनी जत्रेतल्या पिपाणीच्या उपमेने सांगितले. कागदाची गुंडाळी असलेली ती पिपाणी फुंकली की गुंडाळी उलगडते. काट्याच्या पोटात तशीच एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. आत दाब चढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेली सुई फिरते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पॅरिसमध्ये याचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षांत मूळ कल्पनेत बदल करण्याची गरज कोणाला भासलेली नाही.

आता जोडणी. टाकीतून डिझेल ओढतो तो छोटा फीड पंप. तो ते फिल्टरमधून मोठ्या पंपाला देतो आणि मोठा पंप प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवतो. आपला काटा बसवायचा तो फीड पंप आणि फिल्टर यांच्या मध्ये, जिथे दाब एकदोन किलोचाच असतो. पुढच्या नळ्यांना त्याने हात लावायचा नाही, हे काकांनी तीनदा बजावले. तिथली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत तर तिथे दीडदोन हजार किलोंचा दाब असतो आणि तो गाडीचा संगणकच मोजतो. तिथे हा काटा घेऊन जाणे म्हणजे तागडीत हत्ती तोलणे.

काकांनी जोडाचा बोल्ट काढून त्या जागी एक फाटा असलेला बोल्ट बसवला. दोन्ही बाजूंना तांब्याची नवी वॉशर घातली. (जुनी वॉशर पुन्हा वापरणाऱ्यांविषयी त्यांनी काढलेले उद्गार येथे छापण्याजोगे नाहीत.) फाट्याला डिझेल सोसणारी रबरी नळी, नळीच्या तोंडाशी सुईच्या भोकाएवढी अडचण. फीड पंप ठोके देत डिझेल ढकलतो. ही अडचण नसली तर सुई तापकऱ्यासारखी थरथरते आणि काही वाचता येत नाही. नळी बॉनेटच्या फटीतून वर काढून काटा समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवला. आत का नाही? तर नळी फुटली, तर डिझेल चालकाच्या मांडीवर सांडू नये म्हणून. मग हाताच्या पंपाने हवा काढली आणि इंजिन चालू केले. सुई दीडवर जाऊन उभी राहिली. मी टाळी वाजवणार होतो. काका म्हणाले, "थांबा. रिकाम्या गाडीला दुखणंच नाही."

त्या रात्री आम्ही तिघे खऱ्या मालासह निघालो. भाऊ चालवायला, काका मध्ये बॅटरी घेऊन, मी दाराशी. लाखनीपर्यंत सुई दीडवरून ढळली नाही. पुढे ती सव्वावर आली, एकावर आली. भंडारा जवळ येईतो अर्ध्यावर. गाडीने अजून कुरकूर केली नव्हती, पण सुईने आधीच सांगून टाकले होते. मग सुई शून्याला टेकली आणि गाडीचा जीव गेला.

"फिल्टर निर्दोष," काका अंधारात म्हणाले. मला कळेना. त्यांनी समजावले: काटा फिल्टरच्या अलीकडे आहे. फिल्टर तुंबला असता तर अलीकडे दाब साचून सुई चढली असती. ती पडली, म्हणजे डिझेल मागूनच येत नाही. मग एक तर फीड पंप थकला, नाही तर टाकीकडची वाट अडली. त्यांनी दहा लिटर स्वच्छ डिझेलचा डबा बरोबर आणला होताच. तो पुढे बांधला, फीड पंपाची ओढनळी त्यात सोडली आणि परतीची नळीही त्याच डब्यात घातली. नाही तर जास्तीचे डिझेल टाकीत जाऊन डबा वाटेतच रिकामा व्हायचा. सुई दीडवर गेली. मौदा मागे पडला, तरी दीडवर. कळमन्याला आम्ही पहिल्या दहा गाड्यांत होतो आणि वांग्यांना भाव मिळाला.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. तळाशी एक भिजलेली चिंधी आणि सुतांचा गुंता निघाला. इंजिन जोरात डिझेल ओढू लागले की तो गुंता हळूहळू ओढनळीच्या तोंडाला चिकटे. इंजिन बंद केले की सुटून खाली बसे. दहा मिनिटांच्या विश्रांतीचे रहस्य ते हे. आणि नळीत हवा मारल्यावर तो दूर उडाला, म्हणून दोन दिवस सुखाचे गेले होते.

काकांनी चिंधी काडीने उचलून धरली. काठाला निळी किनार होती. ती मी ओळखली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भावाबरोबर मी लाखनीला गेलो होतो. डिझेल भरताना त्याचा फोन आला, म्हणून टाकीचे झाकण मी हातात घेतले आणि कुठेतरी ठेवले. पुढे दहा किलोमीटरवर ते नसल्याचे लक्षात आले. मग मीच माझ्या जुन्या दुपट्ट्याचा पट्टा फाडून टाकीच्या तोंडात कोंबला. तोंडाची जाळी कधीच गेली होती. दोन दिवसांनी नवे झाकण आले तेव्हा चिंधी बाहेर काढली. तिचा अर्धा भाग आतच राहिला, हे कोणी पाहिले नाही.

भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे लाखांदूरला गेलो. पोरगा एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. भावाने पंधरा दिवसांचा पगार त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो मोजून खिशात घातला आणि विचारले, "काय निंघालं, भाऊ?"

"टाकीत चिंधी होती."

"कोनाची?"

भाऊ ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहू लागला. "माझी," मी म्हटले आणि झाकणापासून सगळी हकीकत सांगितली. वर्गातल्या उशिरासंबंधीचे माझे वाक्यही मागे घेतले. तो हसला नाही, रागावलाही नाही.

"मी तवाच सांगून राहिलो होतो, सर," एवढेच म्हणाला.

भावाने परत येतोस का, असे विचारले. धानाची कापणी होईपर्यंत मी इथे शब्द दिला आहे, नंतर पाहू, असे त्याने सांगितले. आम्ही निघालो, तसा तो मागून आला. काट्याची गोष्ट कोणीतरी त्याच्या कानावर घातली होती. काटा गाडीत कायमचा बसवणार का, असे त्याने विचारले. भाऊ म्हणाला, काका विजेवर चालणारा बसवून देणार आहेत. डिझेल बाहेरच राहील, आत फक्त तार येईल.

"मंग तो माह्या समोर लावा," तो म्हणाला. "अन् एक मालकाच्या बाजूनंबी."